परीक्षेची खिडकी किती उघडावी?

गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या परीक्षेत लॉगॅरिथमची कोष्टके वापरू देण्याची प्रथा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली. त्या पातळ पुस्तिकेला कोणी कधी कॉपी म्हटले नाही. एखाद्या संख्येचा लॉगॅरिथम मुखोद्गत असणे ही विद्वत्तेची खूण नव्हे. तो केव्हा आणि कशासाठी वापरावयाचा हे कळणे महत्त्वाचे, असा त्यामागे साधा विचार होता. संगणकावर होणाऱ्या परीक्षांमुळे तोच प्रश्न आज नव्या वेषात शिक्षणसंस्थांपुढे आला आहे. कडेकोट बंदिस्त केलेल्या संगणकावर उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला बाहेरची काही संकेतस्थळे पाहू द्यावीत काय?

बंदिस्त करणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. झुरिच येथील ईटीएच या विद्यापीठात तयार झालेली ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ती सुरू झाली की संगणकाच्या पडद्यावर प्रश्नपत्रिकेशिवाय दुसरे काही उघडता येत नाही. तथापि, परीक्षकाची इच्छा असेल तर ठरावीक संकेतस्थळांचे पत्ते अनुमत यादीत घालून तेवढ्या खिडक्या उघड्या ठेवण्याची सोय तिच्यात आहे. म्हणजे तांत्रिक दार आहेच. ते कोणासाठी आणि किती उघडावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

डेन्मार्कने या बाबतीत मोठे धाडस केले. २००९ साली तेथील १४ विद्यालयांत परीक्षेच्या वेळी इंटरनेट वापरण्याची मुभा प्रयोगादाखल देण्यात आली. कोणतेही संकेतस्थळ पाहावे, परंतु परस्परांना निरोप धाडू नयेत किंवा ई-मेल पाठवू नये, अशी अट होती. जे साधन रोजच्या जीवनाचा भाग झाले आहे ते परीक्षागृहाच्या दाराशी अडविण्यात अर्थ नाही, ही त्यामागची भूमिका होती. भूमिका तर्कशुद्ध होती. पण वाचण्याची मुभा आणि बोलण्याची बंदी यांमधील रेघ सांभाळणे सोपे नसते.

ही रेघ पुसट का होते, याचे उत्तर संकेतस्थळांच्या घडणीत आहे. छापील पुस्तक निमूटपणे टेबलावर पडून राहते; संकेतस्थळाला मात्र दहा दारे असतात. त्यावर शोधपेटी असते, दुसरीकडे नेणारे दुवे असतात, अभिप्राय लिहिण्याची जागा असते. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात कोणालाही मजकूर लिहिता येतो. तेव्हा एकाने चर्चापानावर लिहावे व दुसऱ्याने ते वाचावे, हा निरोपच झाला. भाषांतर करून देणाऱ्या काही संकेतस्थळांच्या आडून भलतेच पान उघडता येते. उलटपक्षी यादी अगदी काटेकोर केली तर अनुमत पानही धड उघडत नाही; कारण त्यातील चित्रे, अक्षरे आणि बटणे अनेकदा निराळ्याच पत्त्यांवरून येतात. त्याचे प्रायश्चित्त मात्र घड्याळाकडे पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला भोगावे लागते.

आपल्याकडचा एक अनुभव या संदर्भात बोलका आहे. वकिली करू इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०११ साली अखिल भारतीय परीक्षा सुरू केली, ती पुस्तके जवळ ठेवून देण्याची परीक्षा म्हणून. पुढे २०२१ मध्ये या धोरणाला मुरड घालण्यात आली. टिपणे आणि मार्गदर्शके बंद झाली. ज्यावर काही लिहिलेले नाही अशी कायद्याची मूळ संहिता तेवढी आत नेण्याची परवानगी राहिली. यातील विवेक महत्त्वाचा आहे. कलम पाहण्यात गैर काही नाही, न्यायालयात वकील तेच करतो. कलमाचा अर्थ दुसऱ्याने आयता लिहून दिलेला असणे गैर. संकेतस्थळांच्या बाबतीतही हीच कसोटी लावता येईल.

अर्थात प्रश्नपत्रिका जुनीच राहिली तर कोणतीही यादी निरुपयोगी ठरेल. ‘व्याख्या द्या’, ‘कारणे सांगा’ अशा प्रश्नांसमोर इंटरनेट उघडे ठेवणे म्हणजे उत्तरपत्रिका हाती देणेच होय. चॅटजीपीटीसारखी साधने २०२२च्या अखेरीस आल्यापासून तर पूर्ण मोकळीक म्हणजे लेखनिक शेजारी बसविण्यासारखे झाले आहे. पण जनगणनेची आकडेवारी पुढे ठेवून तिच्यावरून अनुमान काढावयास सांगितले, तर पाठांतर आणि नक्कल या दोहोंचीही मात्रा चालत नाही. असे प्रश्न काढणे कष्टाचे असते, आणि तपासणे त्याहून कष्टाचे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ साली नववी व अकरावीसाठी सुरू केलेली, मजकूर पुढे ठेवून उत्तरे लिहिण्याची पद्धत २०१७ साली बंद केली. २०२५ साली त्याच मंडळाने नववीसाठी खुल्या पुस्तकाच्या परीक्षेला पुन्हा मान्यता दिली. सुधारणा नुसत्या परिपत्रकाने होत नाही, शिक्षकाला तयारीसाठी वेळ आणि साहाय्य द्यावे लागते, हा धडा यातून घेतला पाहिजे.

आणखी एक बाजू न्यायाची आहे. ज्याच्या घरी संगणक आहे तो अशा संकेतस्थळांवर सहज वावरतो. ज्याने वर्षभरात ती पाहिलीच नाहीत, त्याला परीक्षेच्या दिवशी दिलेली मुभा ही सवलत नसून नवे ओझे असते. तेव्हा अनुमत स्थळांची यादी वर्षारंभीच जाहीर व्हावी आणि वर्गात त्यांचा सराव करून घेतला जावा. शक्य असेल तेथे त्या पानांची प्रत परीक्षाकेंद्राच्याच संगणकावर ठेवावी, म्हणजे बाहेरचे दारही बंद राहील आणि संथ जोडणीचा फटकाही कोणाला बसणार नाही. जेथे काही लिहिता येते असे स्थळ यादीत नसावे.

महाराष्ट्राने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ साली कायदा केला, केंद्राने सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ साली केला. कायद्याने चोर पकडता येतो. विद्यार्थ्याला विचार करावयास लावणे मात्र प्रश्नपत्रिकेच्याच हाती असते. खिडकी किती उघडावी हे ठरविण्यापूर्वी, तिच्यातून काय पाहावयास सांगणार आहोत हे परीक्षकांनी ठरविले पाहिजे.