कवडीची किंमत

‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’, ‘फुटकी कवडी’... तुच्छता व्यक्त करावयाची झाली की मराठी माणसाला हटकून कवडी आठवते. भाषेने एवढे हिणवलेली ही कवडी आशिया व आफ्रिकेच्या मोठ्या भागांत शतकानुशतके रोख चलन म्हणून वापरात होती, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

कवडी म्हणजे एका सागरी गोगलगायीचे कवच. मालदीव बेटांच्या उथळ समुद्रात ती विपुल सापडे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने नोंदविले आहे की, बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन मालदीवहून कवड्या नेत. टणक, न गंजणारी, आकाराने जवळपास सारखी आणि बनावट करणे कठीण, असे चलनाचे बहुतेक गुण तिच्यात होते. लिनिअसने 1758 मध्ये या जातीला ‘मोनेटा’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ नाणे किंवा टांकसाळ.

बंगालमधील हिशेब मोठा नेटका होता. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण आणि चार काहणांचा एक रुपया. म्हणजे रुपयाला 5120 कवड्या! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेट जिल्ह्याचा महसूल कवड्यांतच जमा होई. त्या साठविण्यासाठी कोठारे लागत आणि ढाक्याला धाडण्यासाठी नावांचा ताफा.

ओडिशात मात्र या कथेला करुण वळण लागले. 1803 मध्ये तेथे कंपनी सरकारची सत्ता आली आणि पुढे महसूल चांदीच्या रुपयांतच भरण्याची सक्ती झाली. कवडीचा भाव घसरला. गाठीशी कवड्याच असलेल्या शेतकऱ्याला तोच सारा भरण्यासाठी कितीतरी अधिक कवड्या मोजाव्या लागल्या. अनेकांच्या जमिनी गेल्या. 1817 च्या पाइक उठावामागील कारणांत या हालअपेष्टांचाही समावेश होतो.

कवडी होती तशीच होती; सरकारी खजिन्याने ती नाकारली, एवढाच काय तो बदल. चलनाचे मोल वस्तूत नसून ते स्वीकारणाऱ्याच्या विश्वासात असते, हा धडा त्या शेतकऱ्यांना फार महागात पडला.

घाना देशाच्या ‘सेडी’ या चलनाच्या नावात आजही कवडीच दडलेली आहे. आणि आपल्याकडे तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील माळेत तिचा मान अबाधित आहे. तेथे तिचे मोल कुणी रुपयांत करीत नाही.