इस्पितळातील संगणकाचे काम: आपल्या मुलांसाठी एक वाट

परीक्षांचे निकाल लागले की पुढच्या शिक्षणाविषयी विचारायला पालक आमच्याकडे येतात. यंदा एका शेतकरी बंधूंनी विचारले, "फादर, पोराने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि आता म्हणतो इस्पितळात लागतो. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, मग तिथे त्याचे काम काय?" प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या एका घरी "इस्पितळात हमखास नोकरी" अशी जाहिरात वाचून क्लासच्या फीसाठी काजूची बाग गहाण टाकण्याची बोलणी चालली होती. एका घरी नुसती शंका, तर दुसऱ्या घरी नको इतका विश्वास. म्हणून या कामाची माहिती येथे थोडी सविस्तर देत आहोत.

काम कशाचे?

मोठ्या इस्पितळात खिडकीवर नाव सांगितले की आपल्याला एक क्रमांक मिळतो. त्यानंतरची रक्ताची तपासणी, एक्स-रे, औषधे, बिल हे सारे त्या एका क्रमांकाला बांधलेले असते. रक्ताच्या नळीवर बारकोडची चिठ्ठी चिकटवतात. प्रयोगशाळेतील यंत्र ती वाचते आणि तपासणीचा आकडा सरळ संगणकाला कळवते. सी. टी. स्कॅनमध्ये शरीराच्या एका कापाचे चित्र सुमारे अर्ध्या मेगाबाइटचे असते. छातीच्या एका तपासणीत असे तीनशे काप सहज निघतात, म्हणजे एका रुग्णाचे दीडशे मेगाबाइट झाले. ही चित्रे साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवणाऱ्या व्यवस्थेला 'पॅक्स' म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे ज्या ठरलेल्या पद्धतीने चित्रे पाठवतात, तिचे नाव 'डायकॉम'.

हे सारे रात्रंदिवस चालू ठेवणे, हेच त्या मुलाचे काम. चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर अडला तर नळ्यांवर नावे हाताने लिहावी लागतात, रांग वाढते, आणि एकाचा अहवाल दुसऱ्याला जाण्याचा धोका वाढतो. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटे युपीएस भरून काढतो. त्याची बॅटरी संपत आली आहे हे आधीच कोणीतरी पाहिलेले असावे लागते. हे काम रुग्णाला दिसत नाही, पण ते अडले की त्याचा खोळंबा होतो.

वेळेवर खुरपणी

दुर्लक्ष झाले तर काय होते, हे दोन घटनांवरून समजेल. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा, खंडणी मागणारा संगणक-विषाणू जगभर पसरला. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी निदान ८१ ट्रस्टच्या कामावर त्याचा परिणाम झाला. रुग्णांच्या हजारो ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, आणि काही भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या इस्पितळात न्यावे लागले. ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक ठिकाणी ती संगणकांवर बसवायची राहून गेली होती. खुरपणी पंधरा दिवस लांबली तर तण कसे माजते, हे आपल्याला सांगायला नको.

दुसरी घटना आपल्या देशातली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मधील पाच सर्व्हरांवर असाच हल्ला झाला आणि तेथील माहितीला जणू परके कुलूप लागले. नोंदणी, बिले, अहवाल ही कामे सुमारे दोन आठवडे कागदावर करावी लागली. मात्र रुग्णांच्या नोंदींची प्रत एका वेगळ्या सर्व्हरवर सुरक्षित होती. तिच्या आधारे त्या नोंदी पुन्हा उभ्या करता आल्या.

सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. या कामातही तोच नियम आहे: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत इमारतीबाहेर असावी. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आपण उगवण तपासतो. तशी ठेवलेली प्रत खरोखर उघडते का, हेही अधूनमधून करून पाहावे लागते. हे जो मुलगा किंवा मुलगी नेमाने करते, तिचे मोल इस्पितळाला संकटाच्या दिवशी कळते.

सुरुवात कोठून करावी?

दहावीनंतर दोन सरळ वाटा आहेत. एक, आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' हा संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम किंवा हार्डवेअर व नेटवर्कचा अभ्यासक्रम. दुसरी, तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीनंतर बी. सी. ए. किंवा संगणकातील बी. एस्सी. करता येते. कोणतीही वाट धरली तरी चार गोष्टी हाताला आल्या पाहिजेत: संगणक उघडून जोडणे, तारांचे व बिनतारी जाळे तपासणे, विंडोज आणि लिनक्स यांची ओळख, आणि झालेला बिघड लिहून ठेवणे. चौथी गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण रात्रपाळीच्या मुलाने काय केले हे सकाळच्या मुलाला वहीतूनच कळते.

पहिली नोकरी बहुधा मदत-कक्षात मिळते. फोन येतो, "वॉर्डात पडदा काळा झाला," आणि धावत जावे लागते. तेथे एक-दोन वर्षे काढली की पुढच्या फांद्या फुटतात. कोणी नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळतो, कोणी पॅक्सचा जाणकार होतो, कोणी नर्सेस व डॉक्टरांना नवी प्रणाली शिकवतो, तर कोणी माहितीच्या सुरक्षिततेकडे वळतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून नागरिकांना १४ आकडी 'आभा' क्रमांक मिळू लागले आहेत, आणि लहान दवाखान्यांतही हे काम शिरत आहे.

सीमाभागातील मुलांजवळ एक भांडवल आधीपासूनच आहे. मराठी, कन्नड, कोंकणी आणि हिंदी ती घरी-बाजारात शिकतात. घाबरलेल्या नर्सताईंशी तिच्या भाषेत शांतपणे बोलणे हा या कामाचा निम्मा भाग आहे. उरते इंग्रजी, यंत्रांची पुस्तके त्याच भाषेत असतात, तेव्हा ती वाचण्यापुरती तयारी अवश्य करावी.

इस्पितळाची शिस्त

इस्पितळ म्हणजे ऑफिस नव्हे. अतिदक्षता विभागात शिरताना हात धुणे, तेथील कीबोर्ड सांगितलेल्या द्रवानेच पुसणे, हे नियम संगणकवाल्यालाही लागू आहेत. एम. आर. आय. यंत्राचे चुंबक तपासणी चालू नसतानाही जागे असते; खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोणी त्या खोलीत गेला तर तो खेचला जाऊन कोणालाही इजा करू शकतो. व्हेंटिलेटरसारखी यंत्रे बायोमेडिकल विभागाची असतात. त्यांना मनाने हात लावू नये.

सर्वांत मोठी शिस्त जिभेची. समजा, आपल्याच गावातील कोणी तेथे दाखल झाले आणि त्यांचा अहवाल पडद्यावर दिसला. तो घरी आईलाही सांगायचा नाही. गावात एक शब्द फुटला तर कोणाचे लग्न मोडते, कोणाचे तोंड बाहेर दाखवणे कठीण होते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. पण कायद्याच्या आधी माणुसकी आहे.

पैशाविषयी स्पष्ट बोलू

सुरुवातीचा पगार थोडा असतो. पुष्कळ जागा कंत्राटदारामार्फत भरल्या जातात. रात्रपाळी आणि सणाच्या दिवशीची हजेरी चुकत नाही. नाताळच्या रात्रीही इस्पितळ चालूच असते. म्हणून एवढे करावे: "हमखास नोकरी" म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावे, मागच्या वर्षीची मुले कोठे लागली हे विचारावे आणि त्यांच्यापैकी दोघांना स्वतः भेटावे. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन शिकण्याची सोय आहे. तिची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये आधी करावी. पुढची परीक्षापत्रे मुलाने स्वतःच्या पगारातून, एकेक करून मिळवावीत.

त्या शेतकरी बंधूंना आम्ही हेच सांगितले: मुलाला जाऊ द्या. तो औषध देणार नाही, पण औषध वेळेवर आणि योग्य माणसाला मिळावे यासाठी जागा राहील. आणि ज्या घरी बागेची बोलणी चालली होती, त्यांना इतकेच सांगतो: बाग राखा. या कामाची सुरुवात करायला ती गहाण टाकावी लागत नाही.