घरची साठवणपेटी घ्यावी की जुनाच संगणक चालवावा?

परवा एका गावचे निवृत्त शिक्षक भेटले. पस्तीस वर्षे त्यांनी शाळा केली. स्नेहसंमेलनातली नाटके, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेऱ्या, मुलांची भाषणे, शेजारच्या आजीबाईंनी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या, असे पुष्कळ काही त्यांनी आधी टेपवर, मग सीडीवर आणि अलीकडे मोबाईलवर उतरवून ठेवले. आता ते सगळे त्यांच्या टेबलावरच्या एका संगणकात आहे. मुलगा नाशिकला असतो, जुने विद्यार्थी गावोगावी पांगले आहेत. गुरुजींनी मला विचारले, "त्यांना आपापल्या घरी बसून हे पाहता-ऐकता यावे, एवढीच इच्छा आहे. दुकानदार म्हणतो, नास घ्या. भाचा म्हणतो, आहे तोच संगणक रात्रंदिवस चालू ठेवा. मी कुणाचे ऐकू?"

हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आणि शाळेत तो उद्या उभा राहणार आहे. म्हणून त्याचा सावकाश विचार करू.

आधी ही 'नास' म्हणजे काय ते पाहू. ही एक लहानशी पेटी असते, साधारण पाटीदप्तराएवढी. तिच्या पोटात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात. तिला पडदा नसतो, कळफलक नसतो. ती एका तारेने घरच्या राउटरला जोडायची आणि कपाटावर ठेवून द्यायची. घरातला मोबाईल, टीव्ही, संगणक, कुणीही तिच्याकडे मागणी करावी आणि तिने हवी ती फाइल काढून द्यावी, एवढेच तिचे काम. आपण तिला साठवणपेटी म्हणू. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्या अशा पेट्या करतात. पुष्कळदा पेटीची किंमत वेगळी आणि डिस्कची वेगळी असते, हे दुकानात जाण्यापूर्वी ध्यानात असू द्या.

आणि संगणक? तो तर तुमच्या ओळखीचा आहे. पेटी करते ते काम तोही करू शकतो. जेलीफिनसारखी फुकट मिळणारी प्रणाली त्यात बसवली, की साठवलेली गाणी आणि चित्रफिती नीट मांडून तो दुसऱ्या यंत्रांना पुरवू लागतो. फरक कशात, तर संगणक हा घरच्या बैलासारखा आहे. नांगराला जुंपा, गाडीला जुंपा, तो ओढतो. पण त्याला वैरण जास्त लागते आणि त्याच्याकडे रोज बघावे लागते. पेटी ही कोठारावरच्या राखणदारासारखी. ती नांगर ओढणार नाही. पण थोड्यात भागवते आणि आपल्या जागेवर बसून राहते.

वैरणीचा हिशेब करून पाहू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. दोन डिस्कची लहान पेटी साधारण १५ ते २० वॅट वीज घेते. टेबलावरचा जुना संगणक, काही काम नसतानाही, सहज ५० ते ६० वॅट घेतो. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले, तर १५ वॅटला महिन्याला सुमारे ११ युनिट लागतात आणि ६० वॅटला सुमारे ४३. आपल्या वीजबिलावर युनिटचा दर छापलेला असतो. फरकाच्या ३२ युनिटना त्याने गुणा, म्हणजे तुमच्या घरचा आकडा तुम्हालाच कळेल. दोन-तीन वर्षांचा हिशेब केला, तर 'फुकटचा' संगणक फारसा फुकट राहत नाही.

मग संगणक घ्यायचाच नाही का? तसे नाही. एका कामात तो पेटीला मागे टाकतो. आजचे मोबाईल पुष्कळदा एच-२६५ नावाच्या नव्या पद्धतीने चित्रण करतात. फाइल लहान होते, पण जुन्या टीव्हीला किंवा जुन्या मोबाईलला ती वाचता येत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्या यंत्राला ती चालू असतानाच जुन्या पद्धतीत बदलून द्यावी लागते. हे काम जड आहे. बरा संगणक ते करतो, स्वस्तातली पेटी धापा टाकते आणि चित्र अडखळते. यावर एक साधा उपाय आहे. आपल्या चित्रफिती एकदाच, सवडीने, एच-२६४ या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत करून ठेवाव्यात. मग पेटीला नुसती फाइल उचलून द्यायची असते, आणि ते तिला जमते. केवळ आवाजाच्या फाइलींना तर ही अडचण जवळजवळ येतच नाही.

आता जागा किती लागेल? दुकानात गेले की मोठमोठे आकडे ऐकू येतात, आणि माणूस गोंधळतो. तुम्ही घरीच गणित करा. बऱ्यापैकी चित्रफीत सेकंदाला ८ मेगाबिट या दराने साठवली, तर एका तासाला ३.६ गिगाबाइट लागतात. १२८ किलोबिटच्या दराने साठवलेल्या आवाजाच्या एका तासाला ५८ मेगाबाइटही लागत नाहीत. गुरुजींकडे ६० तासांच्या चित्रफिती आणि २०० तासांचा आवाज आहे. सगळे मिळून २३० गिगाबाइटच्या आतच बसते. एक टेराबाइट, म्हणजे १००० गिगाबाइट, त्यांना हवे त्याच्या चौपट आहे. गंमत पाहा: आयबीएम कंपनीने १९५६ साली हार्ड डिस्कचे पहिले यंत्र जगापुढे आणले, तेव्हा त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आजच्या हिशेबाने काही मिनिटांची ओवी!

इथवर घरातल्या घरात झाले. पण गुरुजींना हवे आहे ते नाशिकला दिसायला. बहुतेकांचा घोटाळा होतो तो येथेच. पेटी विकत घेतली की ती आपोआप बाहेरगावाहून दिसू लागते, असे लोक समजतात. तसे नसते. पेटी असो की संगणक, बाहेरच्या माणसाला घराचा पत्ता मिळाला पाहिजे आणि दार सापडले पाहिजे.

इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगाला वाटायचा त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून पुष्कळ कंपन्या आता एकच पत्ता अनेक घरांत मिळून देतात. एका मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडे आहेत आणि बाहेर पाटी एकच आहे, असे समजा. तुम्ही आतून पत्र धाडले, तर उत्तर तुमच्या खोलीत येते, कारण पत्र कुणी धाडले याची नोंद दारावर होते. पण बाहेरून कुणी आपण होऊन आला, तर त्याला कुठल्या खोलीत न्यायचे हे दारावरच्याला ठाऊक नसते. तो परत जातो. सिमवर चालणाऱ्या राउटरवर हे हमखास अनुभवाला येते.

याला वाट आहे. टेलस्केलसारखी व्यवस्था पेटीवर किंवा संगणकावर बसवायची, आणि नाशिकच्या मोबाईलवरही बसवायची. दोन्ही यंत्रे आतून बाहेर निरोप धाडतात आणि मधला मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो. मधून जाणारा मजकूर कुलूपबंद असतो. तो मध्यस्थालाही वाचता येत नाही. घरगुती वापराला ही व्यवस्था फुकट मिळते. मात्र ती तुमच्या पेटीवर चालते की नाही, हे पेटी घेण्यापूर्वी विचारून घ्या.

कुणी सांगेल, 'एवढी खटपट कशाला? राउटरचे दार सरळ उघडून द्या.' असे करू नका. २०२२ च्या जानेवारीत 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटला थेट उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्या गाठल्या, त्यांतल्या फाइलींना आपले कुलूप ठोकले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. संगणकाचेही तसेच. जुन्या संगणकात विंडोज १० असेल, तर त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तो अखंड चालू ठेवायचा असेल, तर त्यात उबंटूसारखी लिनक्स प्रणाली घालून घ्यावी. तीही फुकट आहे. आणि शिक्षकांना एक विनंती. मुलांची चित्रे ज्यात आहेत ते सर्व जगाला उघडे ठेवू नका. ज्यांना द्यायचे त्यांनाच किल्ली द्या.

दुसरी गोष्ट वेगाची. आपण घेतो तेव्हा इंटरनेटचा उतरता वेग लागतो. आपल्या घरून दुसऱ्याला द्यायचे, तेव्हा चढता वेग लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो उतरता. सेकंदाला ८ मेगाबिटची चित्रफीत बाहेर पाठवायची, तर चढता वेग निदान १० मेगाबिट तरी हवा. गावात फायबर आले असेल तर बहुधा अडचण नाही. नुसता मोबाईलचा टॉवर असेल, तर आधी मोजून पाहा. ओव्यांचा आवाज मात्र अगदी थोड्या वेगातही सुरळीत जातो.

तिसरी गोष्ट, वीज जाणे. ती आपल्याकडे जातेच. पेटी किंवा संगणक यांना लहान यूपीएस लावावा, आणि राउटरही त्यावरच घ्यावा. राउटर बंद पडला तर पेटी चालू असून उपयोग काय? वीज परत आली की यंत्राने आपोआप सुरू व्हावे, अशी सोय दोघांतही असते. ती आधीच करून ठेवा. नाहीतर रात्री वीज गेली, सकाळी आली, आणि नाशिकहून फोन, 'बाबा, काही दिसत नाही.'

आता सर्वांत महत्त्वाचे. माझी एक आत्या होती. तिच्या पाचपन्नास ओव्या मी एका सुट्टीत टिपून घेतल्या आणि संगणकात ठेवल्या. मोठ्या हौसेने तो संगणक मी चोवीस तास चालू ठेवत असे. एके दिवशी डिस्क खटखट वाजू लागली, आणि दुसऱ्या दिवशी बंद पडली. तोवर आत्याही राहिली नव्हती. सुदैवाने सात ओव्या मी चुलत बहिणीला तिच्या मोबाईलवर पाठवल्या होत्या. आज आत्याचा आवाज तेवढाच उरला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ठेव्याचा सांभाळ आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' करते. पण तुमच्या आमच्या घरची आजी बहुधा एकाच डिस्कवर असते.

तुम्ही म्हणाल, 'पेटीत दोन डिस्क असतात, एकीवरचे दुसरीवर उमटते. मग भीती कसली?' एक डिस्क मेली तर दुसरी काम चालवते, हे खरे. पण चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून पुसली जाते. चोराने पेटी नेली, वीज कोसळली, खंडणीखोर आत शिरला, तर दोन्ही एकदमच जातात. शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवतो का? थोडे भावाच्या घरीही ठेवतो. तसेच येथे करायचे. एक प्रत पेटीत, दुसरी घरातच वेगळ्या डिस्कवर आणि एरवी तार काढून ठेवलेली, तिसरी दुसऱ्या गावी.

तर मग गुरुजींनी काय करावे? मी त्यांना म्हटले, पेटीचे नंतर बघू. या आठवड्यात एक साधी बाहेरून जोडायची डिस्क आणा, सगळे तिच्यावर उतरवा, आणि पुढच्या खेपेला मुलगा आला की तिची प्रत त्याच्याबरोबर नाशिकला धाडा. राखण्याची सोय आधी, पाहण्याची सोय मागून. ते झाले, की दोन डिस्कची लहान पेटी घ्या. तुम्ही घरात दोघेच आहात, संगणक रुसला तर त्याला समजावणारे जवळ कुणी नाही. तेव्हा थोड्यात भागवणारा राखणदारच तुम्हाला बरा.

भाच्याचा सल्ला चूक होता असे मात्र नाही. घरात किंवा शाळेत संगणकाची आवड असलेले जाणते माणूस असेल, यंत्र आधीच पडून असेल, आणि नाना तऱ्हेच्या फाइली चालत्या-चालता बदलून द्यायच्या असतील, तर संगणकच घ्यावा. बरा चालणारा जुना लॅपटॉप असेल तर आणखी उत्तम. तो वीज कमी खातो आणि बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर काही वेळ स्वतःच्या बळावर तग धरतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र तो अजिबात चालवू नका.

गुरुजींनी डिस्क आणली आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते एकेक फाइल उघडतात, कोण बोलत आहे, कोणते साल, कोणता प्रसंग, ते नावात लिहितात आणि मग प्रत करतात. हे नाव लिहिण्याचे काम पेटीही करत नाही आणि संगणकही करत नाही. ज्याला तो आवाज ओळखू येतो, त्यालाच ते करावे लागते. तुमच्या घरी असा ठेवा असेल, तर आज रात्रीच सुरुवात करा.