खुर्चीचं किती, माणसाचं किती?

बँकेच्या ट्रेडिंग डेस्कवर पाच-सात वर्षं काढली, की हुशार मुलामुलींच्या मनात हेज फंडाचा विचार घोळू लागतो. पैसा जास्त, मोकळीक जास्त, नफ्यात थेट वाटा. या वाटेवरून आधी गेलेल्यांचा इतिहास पाहिला, तर मात्र एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. डेस्कवर जो नफा कमावला, तो खुर्चीचा होता की खुर्चीत बसलेल्या माणसाचा? राजीनामा देण्याआधी याचं उत्तर स्वतःशी शोधलं नाही, तर पुढे बाजार ते शोधून देतो आणि त्याची पुरेपूर किंमत वसूल करतो.

फोन कोणाच्या नावाने येतो?

समजा, एका पेन्शन फंडाला पाच कोटी डॉलरचे रोखे विकायचे आहेत. तो डेस्कला फोन करतो. ट्रेडर दोन्ही बाजूंचा भाव सांगतो : ९९.४० ला घेईन, ९९.६० ला देईन. माल घेतला आणि दुपारपर्यंत घेणारा सापडला, तर शंभरामागे वीस सेंट, म्हणजे एक लाख डॉलर सुटले. यात कसब आहेच. भाव किती ताणायचा, माल किती वेळ अंगावर ठेवायचा, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पण फोन आला तो बँकेच्या नावामुळे, आणि माल उचलायला पैसा लागला तोही बँकेचाच. कोण विकतंय, कोण घेतंय याचा सुगावाही अशाच फोनांतून लागतो.

हाच ट्रेडर फंडात गेला, की भाव विचारणारा होतो. तो ९९.६० ला घेतो. लगेच विकायचं ठरवलं तर हातात ९९.४० पडतात. सौदा करताक्षणीच एक लाखाचा खड्डा. तो भरून वर नफा काढायचा, तर बाजाराबद्दल स्वतःचं मत लागतं आणि ते पुरेशा वेळा खरं ठरावं लागतं.

गेलेल्यांच्या वाटा

सॉलोमन ब्रदर्समध्ये रोख्यांच्या आर्बिट्राजमधून भरघोस नफा मिळवून देणारे जॉन मेरिवेदर १९९१ मध्ये, सरकारी रोख्यांच्या लिलावातल्या घोटाळ्यानंतर, बाहेर पडले. १९९४ मध्ये त्यांनी लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट उभी केली. सोबत जुने सहकारी होते, तसेच पुढे १९९७ मध्ये नोबेल मिळवणारे मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते. पहिली वर्षं दणक्यात गेली. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने देणी थकवली आणि डाव उलटला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क फेडच्या पुढाकाराने चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतावे लागले. माणसं तीच होती, डोकी तीच होती. पण सॉलोमनमध्ये पडत्या काळात पाठीशी अख्ख्या फर्मचं भांडवल होतं. इथे स्वतःच्या भांडवलाच्या कितीतरी पट कर्ज होतं.

२००८ च्या संकटानंतर दार बाहेरून ढकललं गेलं. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातल्या व्होल्कर नियमाने अमेरिकी बँकांच्या स्वतःच्या खात्यावरच्या सट्ट्याला मोठा लगाम घातला. गोल्डमन सॅक्सच्या अशाच विभागातून आलेल्या पिएर-आँरी फ्लामाँ यांचा एडोमा फंड मोठ्या अपेक्षेने सुरू झाला आणि २०१२ मध्ये गुंडाळावा लागला. मॉर्गन स्टॅन्लीतला पीटर मुलर यांचा पीडीटी गट मात्र स्वतंत्र होऊन टिकला. या गटाचा नफा ग्राहकांच्या फोनांवर उभा नव्हता. गणिती मॉडेल आणि ती चालवणारा संच, दोन्ही सोबत नेता आली. बोअझ वाइनस्टीन यांच्या विभागाला डॉइश बँकेत २००८ साली मोठा तोटा झाला होता. पुढच्या वर्षी त्यांनी साबा कॅपिटल सुरू केली आणि २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनमधल्या अवाढव्य पोझिशनच्या विरुद्ध बाजूला उभं राहून कमाई केली.

नागपुरात जन्मलेल्या विक्रम पंडितांची वाट वेगळीच. २००५ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली सोडून त्यांनी सहकाऱ्यांसह ओल्ड लेन हा फंड काढला. २००७ मध्ये सिटीग्रुपने तो सुमारे ८० कोटी डॉलरना विकत घेतला आणि वर्ष संपण्याआधी पंडित सिटीचे प्रमुख झाले. फंड मात्र २००८ मध्येच बंद करण्यात आला.

आजचा फंड, आजचे नियम

आता बहुतेक जण स्वतःचा फंड न काढता सिटाडेल, मिलेनियम यांसारख्या फंडांतल्या छोट्या चमूत जातात. भांडवल आणि यंत्रणा तयार मिळते, पण तोट्याची मर्यादा कडक असते. उदाहरणार्थ, ५० कोटी डॉलर हाती दिले. पाच टक्के, म्हणजे अडीच कोटी गेले, की भांडवल निम्मं. आणखी थोडं घसरलं, की निरोप. मत शेवटी बरोबर ठरलं तरी तोवर तुम्ही तिथे नसता. निघतानाची किंमतही मोजावी : राखून ठेवलेला बोनस बुडू शकतो आणि कराराप्रमाणे काही महिने घरी बसावं लागतं.

भारतात सेबीच्या २०१२ च्या नियमांनी तिसऱ्या श्रेणीचे पर्यायी गुंतवणूक निधी आले. सर्वसाधारण गुंतवणूकदारासाठी किमान रक्कम एक कोटी रुपये. मुंबईच्या ट्रेझरीतून निघणाऱ्याला त्यामुळे देशातच वाट मिळाली.

ही वाट धरणाऱ्या आपल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच. गेल्या दोन-तीन वर्षांचे सौदे काढून बसा. ग्राहकांच्या फोनांतून आलेला नफा बाजूला काढा, बँकेच्या स्वस्त पैशाचा फायदा वजा करा. उरलेला आकडा सातत्याने नफ्याचा असेल, तर खुशाल जा. नसेल, तर डेस्कवर राहून दोन वर्षं आणखी शिका. ग्राहकाला सचोटीने भाव देणं हेही आयुष्यभर करण्याजोगं, मानाचं काम आहे.