तळपायाची मुकी जखम

मधुमेह जुना झाला की तळवा बधिर होतो. खडा रुततो, रक्त येते, पण वेदना होत नाही. म्हणून घरात कोणाला कळतही नाही. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवून दिले की, बधिर तळव्यावरील व्रण मुख्यतः एकाच जागी वारंवार पडणाऱ्या दाबाने होतात. मधुमेही पायाचेही बहुधा असेच असते.

लहान जखम दाब काढून घेतल्यास भरते. टाचेवरील खोल जखमेला मात्र मांडीची पातळ त्वचा सहसा पुरत नाही. तळव्याची त्वचा जाड असते. तिच्याखालील चरबी तंतूंच्या कप्प्यांत घट्ट बसवलेली असते, म्हणून चालताना ती सरकत नाही. तशीच त्वचा जवळच, पायाच्या कमानीत मिळते, आणि कमानीवर भार फारसा पडत नाही. प्लास्टिक सर्जन रक्तवाहिनी न तोडता तो भाग टाचेवर वळवतात आणि कमानीची उघडी जागा मांडीच्या त्वचेने झाकतात.

तत्पूर्वी पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो, साखर आटोक्यात आणावी लागते, हाडातील जंतुसंसर्ग काढावा लागतो. नंतर काही आठवडे पाय टेकवायचा नसतो. पेढी सोडून असे पडून राहणे व्यापाऱ्याला शस्त्रक्रियेहून जड वाटते, हे खरे. पण घाईने टाकलेली पावले टाके उसवतात.

जिनमंदिराची उन्हात तापलेली फरशी बधिर पायाला जाणवत नाही. अशांनी सकाळी लवकर दर्शनास जावे व रात्री आरशात तळवे पाहावेत.