काचेची गोधडी

काच ठिसूळ. पण वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू ओढले की तिचा स्वभावच पालटतो. हे तंतू कापसासारखे पिंजले की झालं ग्लासवूल, पत्र्याच्या शेडखाली दिसणारी ती पिवळी गादी. खरं काम करते तंतूंत कोंडलेली हवा, आपल्या गोधडीत करते तसंच. त्यामुळे अखंड काचेच्या मानाने ग्लासवूलमधून उष्णता सुमारे २५ पट कमी वाहते. भिजलं मात्र की हवेच्या जागी पाणी शिरतं आणि सगळं फुकट.

तेच तंतू विणून रेझिनमध्ये बसवले की ‘फायबर’; कोकणातल्या कित्येक होड्या याच्याच. ताण तंतू सोसतात, रेझिन त्यांना जागच्या जागी धरतं.

ग्लासवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. नाहीतर खाजवत बसाल.