एका शहराचे दोन हिशेब

दोन संगणकांपैकी स्वस्त कोणता, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा आहे. दोन दरपत्रके शेजारी ठेवावीत आणि लहान आकडा निवडावा! शाळेची खरेदी बहुधा अशीच होते. परंतु दरपत्रकावर छापलेली असते ती किंमत. ती एकदाच द्यावी लागते; खर्च मात्र यंत्र भंगारात जाईपर्यंत चालू राहतो. हा सगळा खर्च एकत्र मांडावा म्हणून अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ साली 'मालकीचा एकूण खर्च' ही कल्पना पुढे आणली. कल्पना उत्तम आहे. पण तिच्या आधाराने केलेली दोन उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट येऊ शकतात. जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

म्युनिकमध्ये काय घडले?

म्युनिक नगरपालिकेकडे सुमारे १४,००० संगणक होते. त्यांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एनटी ही कार्यप्रणाली होती. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालवणारी आणि इतर आज्ञावलींना त्यांचे काम करू देणारी मूळ आज्ञावली. या आवृत्तीला मिळणारा आधार संपत आला होता, म्हणून काहीतरी बदलणे भागच होते. एकीकडे विंडोजची नवी आवृत्ती होती. दुसरीकडे लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली होती. लिनक्सची प्रत कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. परवाना शुल्क नाही. मायक्रोसॉफ्टने आपला दर बराच खाली आणला. तरीही मे २००३ मध्ये नगरपालिकेने लिनक्सची निवड केली. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू नये, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

बदलाचे काम सावकाश चालले आणि २०१३ च्या अखेरीस पूर्ण झाले. त्याआधी, २०१२ साली, नगरपालिकेने हिशेब मांडला : लिनक्समुळे एक कोटी युरोंहून अधिक बचत झाली. २०१३ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने एचपी कंपनीकडून करून घेतलेल्या अभ्यासाचे आकडे बाहेर आले. त्यांनुसार लिनक्सवर ६ कोटी ६ लाख युरो खर्च झाले होते, आणि विंडोज ठेवली असती तर १ कोटी ७० लाखांत भागले असते. शहर तेच, संगणक तेच. एका हिशेबात एक कोटीची बचत आणि दुसऱ्यात चार कोटींहून अधिक तोटा!

बेरीज कोणाची चुकली?

येथे बेरजेपेक्षा तुलनेकडे पाहायला हवे. नगरपालिकेने तुलना केली ती विंडोज ७ आणि नव्या ऑफिस आज्ञावलीशी. त्यात परवान्यांचे शुल्क आले, तसाच जुनी यंत्रे विंडोज ७ साठी सक्षम करण्याचा खर्चही आला. एचपीच्या अभ्यासात तुलना होती विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ यांच्याशी, म्हणजे तोवर जुन्या झालेल्या आवृत्त्यांशी. तुलनेचा आधारबिंदूच वेगळा असल्यावर उत्तर वेगळे येणारच. आपण प्रयोगशाळेत उंची मोजताना मोजपट्टीचा शून्य कोठे ठेवला हे आधी विचारतो. खर्चाच्या तुलनेतही तोच प्रश्न पहिला : कशाच्या तुलनेत? त्यापाठोपाठ आणखी दोन : किती वर्षांसाठी? आणि दोन्हीकडे काम तेच आहे ना?

या गोष्टीचा पुढचा भागही लक्षात घेण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. बाहेरून येणारे दस्तऐवज नीट न उघडणे, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी अशी कारणे पुढे आली. जाण्याचा खर्च झाला होता, आता परत येण्याचाही होणार होता. आजूबाजूचे सगळे जी प्रणाली वापरतात तिच्याहून वेगळी प्रणाली एकट्याने वापरण्याचे मोल द्यावे लागते, आणि ते कोणत्याही दरपत्रकात नसते.

याउलट केरळ पाहा. तेथे शालेय संगणक शिक्षणाचा कार्यक्रम २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत तो विंडोजवरून लिनक्सवर आणला गेला. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले, पाठ्यपुस्तकेही त्याच आज्ञावलींना धरून लिहिली गेली. सर्वच शाळा एकत्र वळल्यामुळे शेजारच्या शाळेतील शिक्षकालाही तीच प्रणाली माहीत असते. शिवाय शाळेतील आज्ञावलीची प्रत विद्यार्थ्याला घरी नेता येते, तीही कायदा न मोडता. परवाना शुल्काच्या रकान्यात हा लाभ कोठेच दिसत नाही.

न दिसणारे रकाने

खर्चाचे काही रकाने सहज सुचतात : यंत्र, परवाने, वीज, दुरुस्ती. काही मात्र निसटतात. पहिला म्हणजे माणसांचा वेळ. बिघडलेला संगणक शिक्षकाने रविवारी येऊन दुरुस्त केला, तर हिशेबात शून्य लिहिले जाते. पण तो वेळ कोणाचा तरी गेलेला असतो.

दुसरा रकाना बाहेर पडण्याच्या खर्चाचा. मराठी शाळांना याचा चांगला अनुभव आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. तो फाँट मिळवा, रूपांतर करा किंवा सगळे पुन्हा टंकित करा. टंकताना फुकट वाटलेल्या गोष्टीचे बिल असे काही वर्षांनी येते.

तिसरा रकाना यंत्राच्या आयुष्याचा. यंत्र चालू असूनही त्याचे आयुष्य संपू शकते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट संगणक नियमानुसार पुढे जाऊ शकत नाहीत. त्यांच्यापुढे पर्याय उरतात ते असे : शुल्क भरून काही काळ मुदतवाढ घेणे, यंत्र बदलणे किंवा त्याच यंत्रावर लिनक्स बसवणे. क्रोमबुकनाही अशी अंतिम तारीख असते. २०२३ साली गूगलने ती दहा वर्षांपर्यंत वाढवली. म्हणून कोणताही संगणक घेताना 'किती रुपये?' याच्या जोडीला 'कोणत्या वर्षापर्यंत?' हेही विचारायला हवे.

भागाकार कशाने करायचा?

आता एक काल्पनिक हिशेब करू. आकडे आपल्या शाळेप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, 'अ' हा नवा संगणक परवान्यासह ४०,००० रुपयांना मिळतो आणि आठ वर्षे टिकतो : वर्षाला ५,००० रुपये. दुरुस्तीचे १,००० धरू. एकूण ६,००० रुपये. 'ब' हा वापरलेला संगणक लिनक्ससह १५,००० रुपयांना मिळतो, पण चारच वर्षे टिकतो : वर्षाला ३,७५० रुपये. दुरुस्तीचे १,५०० आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे १,००० धरले की एकूण ६,२५० रुपये. किमतीत २५,००० चा फरक होता, वार्षिक खर्चात तो अडीचशेवर आला, आणि तोही उलट दिशेने!

पण खरा धडा पुढे आहे. शाळेचे २०० दिवस धरू. संगणक रोज पाऊण तास वापरला तर वर्षाला १५० तास होतात. 'अ'चा ताशी खर्च ४० रुपये, 'ब'चा सुमारे ४२. तेच संगणक रोज तीन तास वापरले तर ६०० तास होतात आणि ताशी खर्च अनुक्रमे १० व सुमारे साडेदहा रुपयांवर येतो. विजेचे काय? १०० वॅट लागत असतील तर तासाला ०.१ युनिट, १० रुपये दराने एक रुपया. म्हणजे दोन प्रणालींमधील फरक दोन रुपयांचा, आणि कुलूपबंद खोली व उघडी खोली यांतील फरक तीस रुपयांचा. आपण वाद मात्र बहुधा दोन रुपयांवर घालतो.

तास मोजूनही सर्व संपत नाही. त्या तासांत काय घडते हेही पाहावे लागते. २००५ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना १०० डॉलर किमतीच्या उद्दिष्टाने जाहीर झाली. २००७ मध्ये प्रत्यक्ष यंत्र सुमारे १८८ डॉलरला पडले. पेरू देशाने ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते. पण गणित व भाषा यांच्या चाचण्यांत सुधारणा आढळली नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांच्या चाचण्यांत थोडा लाभ दिसला, इतकेच. यंत्र पोहोचले, पण त्याभोवतीचे अध्यापन फारसे बदलले नव्हते.

वर्गात करून पाहा

नववीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब प्रकल्प म्हणून देता येईल. संगणक खोलीत एक वही ठेवावी आणि महिनाभर प्रत्येक यंत्र किती तास चालले, किती तास बंद पडले व त्यावर काय काम झाले याची नोंद मुलांनी करावी. वीजमापकाचे आकडे महिन्याच्या सुरुवातीला व शेवटी घ्यावेत. खरेदीची रक्कम जुन्या पावतीवरून मिळेल. मग ताशी खर्च काढावा आणि नोंदींवरून तो कमी करण्याचे दोन उपाय मुलांना सुचवायला सांगावेत. शाळा समितीपुढे पुढचे दरपत्रक येईल तेव्हा ही वही त्याच्या शेजारी ठेवावी. किंमत दरपत्रकात असेलच. बाकीचे बरेचसे रकाने या वहीत सापडतील.